दोन अंश मागे

इंजिनात पेट्रोलचा स्फोट होतो, असं शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंपासून गॅरेजमधल्या पोऱ्यापर्यंत सगळे सांगतात. धडधाकट इंजिनात स्फोट होत नाही. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं, प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते, आणि तिथून निघालेली आग पसरत पसरत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत जाते. भरभर जाते, पण तिला वेळ लागतो. साधारण दोन मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. माणसाला एवढ्या वेळात काही कळतसुद्धा नाही. पण मिनिटाला 3000 फेरे मारणारा क्रँक तेवढ्यात 36 अंश फिरून गेलेला असतो. जुन्या गाडीचं टायमिंग लावायचं म्हणजे या 36 अंशांचा हिशेब करायचा.

हिशेब असा. पिस्टन अगदी वर पोचला आणि मग ठिणगी पाडली, तर आग भडकेपर्यंत पिस्टन खाली पळायला लागलेला असतो. आग त्याच्या मागे धावते आणि जोर वाया जातो. झोका देणाऱ्याला हे न शिकवता कळतं. झोका पूर्ण मागे येऊन नुकताच पुढे निघाला की ढकलायचं. अलीकडे ढकललं तर आपलाच हात मुरगळतो, पलीकडे ढकललं तर हात नुसता हवेत जातो. इंजिनात सगळ्यात जास्त दाब पिस्टन वरून परत फिरल्यावर सुमारे 15 अंशांनी आला, तर क्रँकला चांगला जोर मिळतो. त्यासाठी ठिणगी बरीच आधी, पिस्टन अजून वर चढत असतानाच पाडावी लागते. खालून येणाऱ्यावर वरून आग सोडायची, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण गाडी चालते ती यावरच.

माझी गाडी 1978 ची प्रीमियर पद्मिनी. मुंबईच्या कुर्ल्याला वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिथली ही गाडी. मुळात इटलीची फियाट 1100. आपल्याकडे आधी फियाट डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि 1974 च्या सुमाराला पद्मिनी अशी नावं बदलत गेली, पण लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. चार सिलिंडर, 1089 सीसी, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला कित्येक वर्षं दुसरा चेहराच नव्हता. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली तशी 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी तेव्हा हळहळ व्यक्त करणारे रकाने भरले. त्या हळहळीत माझा फारसा जीव नव्हता. मागच्या सीटवर चौघं कोंबून दादरहून पुण्याला आलेल्या माणसाला पद्मिनीबद्दल हळवं व्हायला जरा जड जातं. मला गोडी आहे ती तिच्या बोनेटखालच्या उघडेपणाची. तिथे ठिणगी कुठून निघते, कुठून जाते, कुठे पडते, हे सगळं बोटानं दाखवता येतं.

बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये येतात. डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन छोटे टेकू असतात, त्यांना पॉइंट म्हणायचं. ते टेकलेले असतात तोवर कॉइलमधून करंट वाहतो. मधल्या दांड्याचा उंचवटा त्यांना उचकटतो, करंट तुटतो आणि त्या तुटण्याच्या झटक्यानं कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळतात. रोटर ते ज्याच्या त्याच्या वायरीत वाटून देतो: एक, तीन, चार, दोन, या क्रमानं. ठिणगी पडते ती पॉइंट उघडतात त्या क्षणी, मिटतात तेव्हा नाही. गॅरेजमध्ये नव्यानं आलेल्या पोरांचा इथे हटकून गोंधळ होतो, कारण बटण दाबल्यावर दिवा लागतो ही सवय डोक्यात बसलेली असते. 3000 फेऱ्यांना हे उघडणं-मिटणं सेकंदाला शंभर वेळा होतं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बसवलेली ही रचना 1910 मॉडेलच्या कॅडिलॅकमधून विक्रीला आली, आणि सत्तर वर्षांनंतरही कुर्ल्याहून निघालेल्या गाडीत तत्त्व तेच होतं. गाडीच्या बाकीच्या अंगात इतकं टिकून राहिलेलं फार थोडं सापडेल.

ठिणगी किती आधी पाडायची हे ठरवण्याचं काम पूर्वी चालवणाऱ्याच्या हातात असे. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये स्टिअरिंगच्या चाकाखाली दोन दांड्या होत्या. उजवीकडची पेट्रोलची, डावीकडची ठिणगीची. हँडल मारून गाडी चालू करताना ठिणगीची दांडी वर सारून टायमिंग मागे घ्यायचं, नाहीतर पिस्टन वर पोचायच्या आत मिश्रण पेटून हँडल उलटं फिरायचं आणि मनगट मोडायचं. गाडी पळायला लागली की दांडी हळूहळू खाली ओढायची. म्हणजे रस्ता, चढ, वेग बघून ठिणगी पुढे-मागे करणं हा गाडी चालवण्याचाच भाग होता. आज आपण क्लच दाबतो तितका. तो भाग आपल्या हातून कधी गेला ते कुणाच्या फारसं लक्षातही राहिलं नाही.

पद्मिनीत ते काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं करतात. दांडा जोरात फिरला की ती स्प्रिंगला ताणून बाहेर फाकतात आणि पॉइंट लवकर उघडायला लावतात. आयडलला 800 फेरे असताना 10 अंश म्हणजे वेळेत साधारण दोन मिलिसेकंद; 3000 फेऱ्यांना 30 अंश म्हणजेही दीड-पावणेदोन मिलिसेकंदच. आगीला लागणारा वेळ फारसा बदलत नाही, क्रँक मात्र भरभर पुढे निघून जातो, म्हणून वेग वाढला की अंश वाढवत न्यायचे. पुढे एका मर्यादेनंतर वाढवावे लागत नाहीत, कारण वेग वाढला की आत ओढलेल्या हवेची घुसळण वाढते आणि आगही जास्त वेगानं पसरते. दोन शिशाएवढ्या जड तुकड्यांना आणि दोन करंगळीएवढ्या स्प्रिंगांना हे सगळं जमतं. चाळीस वर्षांनी त्या स्प्रिंगा सैल पडतात, वजनांच्या पिना गंजून अडकतात, आणि मग कितीही नीट टायमिंग लावलं तरी गाडी साठच्या पुढे नाराजच असते. टायमिंग बिघडलंय म्हणून येणाऱ्या निम्म्या जुन्या गाड्यांचं खरं दुखणं या पिनांत असतं, असं आमच्या मिस्त्रींचं म्हणणं. त्यात तेलाचा एक थेंब सोडणं हे टायमिंग लावण्यापेक्षा जास्त पुण्याचं काम.

मिस्त्री सत्तरीच्या घरातले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. पुढच्या बंपरच्या भोकातून हँडल घालायचं. रेडिएटरकडचा, म्हणजे एक नंबरचा प्लग काढायचा आणि त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा. पोऱ्या हँडल सावकाश फिरवतो. पिस्टन दाब घेऊन वर यायला लागला की अंगठा खालून ढकलला जातो आणि कडेनं फुस्स करून हवा निसटते. ही खूण फार महत्त्वाची, कारण पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो: एकदा मिश्रण दाबायला, एकदा धूर बाहेर टाकायला. पुलीवरची खूण दोन्ही वेळा तिथेच दिसते. चुकीच्या फेरीवर डिस्ट्रिब्युटर बसवला तर गाडी चालू व्हायचं सोडून कार्बोरेटरमधून खाकरते, कधी जाळही फेकते. अंगठ्याला दोन्हींतला फरक कळतो, डोळ्याला नाही.

मग पुलीवरची खाच कव्हरवरच्या खुणेशी आणायची. खाच काळ्या मळीनं भरलेली असते. चाचा आधी ती खिळ्यानं खरवडतात, पुसतात आणि वर खडू घासतात. मग डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यातला बोल्ट इतकाच सैल करायचा, की बॉडी हातानं जोर लावला तर फिरेल, एरवी जागची हलणार नाही. वायरीच्या दोन टोकांमध्ये साइड-इंडिकेटरचा जुना बल्ब. एक टोक पॉइंटच्या वायरीला, दुसरं इंजिनच्या लोखंडाला. किल्ली ऑन. पॉइंट मिटलेले तोवर बल्ब विझलेला, उघडले की लागतो. आता रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेनं बॉडी सरकवत जायची आणि बल्ब जिथे नुकता लागला तिथे थांबायचं. यात ‘नुकता’ हा सगळा खेळ आहे. चाचा तीनदा मागे नेऊन पुढे आणतात, दरवेळी आधीपेक्षा सावकाश. तिसऱ्या वेळेला हात इतका मंद सरकतो, की सरकतोय असं वाटतही नाही, आणि बल्बमध्ये तांबूस तार दिसते. बोल्ट आवळताना बॉडी ओढली जाते म्हणून आवळून झाल्यावर परत एकदा बघायचं. बल्ब नसेल तर सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलकेच ओढत राहायचं. पॉइंट उघडतात त्या क्षणी तो सुटून हातात येतो. चाचांनी सिगारेट कधीच सोडली, कागदाचं पुडकं मात्र ड्रॉवरमध्ये आहे.

एवढं केलं की गाडी चालू होते आणि बरीचशी बरोबर चालते. बहुतेक लोक इथेच थांबतात. काही त्याच्याही आधी थांबतात: इंजिन आयडलवर ठेवून डिस्ट्रिब्युटर फिरवायचा, आवाज सगळ्यात चढा येईल तिथे बोल्ट आवळायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, बघा कशी गुळगुळीत चालतेय. ही पद्धत मला पटत नाही. बिनओझ्याच्या इंजिनाला ठिणगी जितकी आधी द्याल तितकी गोडच लागते. त्यावर टायमिंग लावलं तर ते बहुधा फाजील पुढे गेलेलं असतं, आणि गाडीत पाच माणसं आणि समोर घाट आला की त्याचे पैसे मोजावे लागतात.

टायमिंग लाइट मी नंतर घेतला. पिस्तुलासारखा दिवा, त्याचा चिमटा एक नंबरच्या वायरीला लावायचा. त्या प्लगला ठिणगी गेली की दिवा एकदा चमकतो. चालू इंजिनाच्या पुलीवर तो रोखला की खडूची खूण जागच्या जागी गोठल्यासारखी दिसते. संध्याकाळी गॅरेजचे दिवे मालवून हा प्रकार बघावा. समोर धाडधाड इंजिन आणि त्याच्या नाकावर एक पांढरी रेघ शांत उभी. पंखाही जवळजवळ थांबल्यासारखा दिसतो, पाती सावकाश मागे-पुढे सरकताना दिसतात. म्हणून या दिव्यासमोर काम करताना बाह्या दुमडाव्यात आणि हात खिशात ठेवावा. थांबलेला दिसणारा पंखा थांबलेला नसतो.

पण रेघ खरोखर शांत उभी असते का? माझ्या गाडीत नव्हती. ती थरथरत होती, खुणेच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीन अंश. वेग वाढवला की थरथर कमी, सोडला की पुन्हा. चाचांना दिव्याचं कौतुक नाही. ‘साहेब, दिव्यानं गाडी घाट चढत नाय’, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तरी त्या दिवशी त्यांनी रेघ बघितली, डिस्ट्रिब्युटर उपसला, दांडा दोन बोटांत धरून हलवला आणि बुश झिजलाय म्हणाले. दांडा बुशमध्ये डुलत होता, त्यामुळे पॉइंट दर वेळी थोडे वेगळ्या क्षणी उघडत होते. कानाला हे ऐकू आलं नसतं. गाडी फक्त जराशी ओबडधोबड चालली असती आणि आपण म्हणालो असतो, जुनी आहे, चालायचंच. जुन्या मिस्त्रीचा कान यंत्रापेक्षा श्रेष्ठ, असं म्हणून माना डोलावणाऱ्यांसाठी ही थरथरणारी रेघ मी सांगतो. गाडी उभी असताना दिवा जास्त खरं बोलतो.

चालत्या गाडीत मात्र चाचांचं वाक्य खरं ठरतं. गाडीच्या पुस्तकातला आकडा पाळून, दिव्यानं तपासून निघालो, आणि दिवे घाटात तिसऱ्या गिअरवर अ‍ॅक्सिलरेटर खोल दाबला की बोनेटखालून बारीक टकटक यायला लागली. डब्यात खिळे हलवल्यासारखी म्हणतात ती हीच. हा टॅपेटचा आवाज नव्हे. टॅपेट आयडललाही वाजतो. ही टकटक फक्त ओझ्याखाली येते आणि पाय उचलला की नाहीशी होते. सुरुवातीला म्हटलं की धडधाकट इंजिनात स्फोट होत नाही. इथे होतो. ठिणगी फार लवकर पडली, की पेटलेला भाग फुगत फुगत अजून न पेटलेल्या कोपऱ्यातल्या मिश्रणाला दाबतो, ते तापतं आणि आगीची वाट न बघता आपणहून एकदम पेट घेतं. त्या धक्क्यानं सिलिंडरचं लोखंड वाजतं. थोडी टकटक एखाद्या चढावर आली तर बिघडत नाही. कोसभर वाजत राहिली तर पिस्टनचा माथा खरवडला जातो, पुढे त्याला भोकही पडतं.

उलट टायमिंग मागे राहिलं तर काहीच वाजत नाही, म्हणून ते जास्त फसवं. आग उशिरा लागते, खाली जाणाऱ्या पिस्टनच्या मागे जळत राहते, तिची उष्णता कामाऐवजी सायलेन्सरच्या वाटेनं जाते. गाडी ओढत नाही, अ‍ॅव्हरेज पडतं, पाणी उकळतं. जुन्या बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाशी बोनेट वर करून उभ्या राहिलेल्या दादर-पुणे टॅक्सी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना वाटत असेल की रेडिएटरचा दोष. अनेकदा तो असेही. पण काही ड्रायव्हर नॉकिंगच्या, म्हणजे याच टकटकीच्या, भीतीनं टायमिंग पार मागे घेऊन ठेवत, कारण टाकीत काय पडलंय याची खात्री नसे. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेलं असलं की ते लवकर आपणहून पेटतं, गाडी वाजते. मग टायमिंग मागे घ्यायचं, गाडी गप्प बसते, आणि तापते. शिंग्रोबाला नाणं टाकून, रेडिएटरमध्ये पाणी ओतून पुढे निघायचं. एका खोटेपणाची भरपाई दुसऱ्या टोकाला घाटात व्हायची.

या टकटकीनं जगाचं किती नुकसान केलं ते वेगळंच. केटरिंग यांच्या बॅटरीच्या ठिणगीमुळेच इंजिनं वाजतात, असा आरोप तेव्हा झाला. तो खोडून काढायच्या ईर्ष्येनं त्यांनी नॉकिंगचं संशोधन चालवलं, आणि त्यांच्या हाताखालच्या थॉमस मिजली यांना डिसेंबर 1921 मध्ये टेट्राएथिल लेड सापडलं. पेट्रोलमध्ये शिशाचं हे संयुग चिमूटभर घातलं की टकटक गायब. 1923 मध्ये ते विक्रीला आलं. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीत ते बनवणारे कामगार विषबाधेनं वेडेपिसे होऊन मेले, तरी थांबलं नाही. शिसं विषारी आहे हे तोवर सगळ्यांना ठाऊक होतं. पुढची कित्येक दशकं ते शहरातल्या पोरांच्या रक्तात उतरत राहिलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं, जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, 2021 मध्ये. ठिणगी जरा मागे घेऊन आणि दाब जरा कमी ठेवून जे निभावता आलं असतं, त्यासाठी आपण एवढी किंमत दिली. गाड्यांच्या प्रेमात असणाऱ्या लेखनात हा भाग बहुधा वगळतात, म्हणून इथे मुद्दाम लिहिला.

आता चाचांच्या दुसऱ्या एका वाक्याकडे येतो. पुस्तक दाखवलं की ते म्हणतात, ‘कुठलं पुस्तक? नव्या गाडीचं. ही नवी आहे का?’ गाडी नवी नाही हे खरंच, पण तिच्यात पडणारं पेट्रोलही ते नाही. पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा पंपावर साधं पेट्रोल कमी ऑक्टेनचं मिळे. आज बीएस-6 चं साधं पेट्रोल जास्त ऑक्टेनचं, शिवाय त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतं, म्हणजे टकटक उशिरा येते आणि ठिणगी थोडी पुढे न्यायला जागा मिळते. पण जुन्या कार्बोरेटरच्या जेटला हे माहीत नसतं. तो पूर्वीच्याच मापानं इंधन सोडतो आणि मिश्रण पातळ होतं. रबरी पाइप फुगतात ते निराळंच. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा मिस्त्रींना हेच मोठ्या प्रमाणात करावं लागलं. गॅसचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा पुष्कळ जास्त आणि आग सावकाश पसरणारी, म्हणून टायमिंग पुढे न्यायचं. पण गाडी पेट्रोलवरही चालली पाहिजे, म्हणून फार पुढे नाही. शेवटी दोन्ही इंधनांना थोडं थोडं नाराज ठेवणारी एक जागा धरायची.

जागाही बदलते. समुद्रसपाटीला हवा दाट, सिलिंडर भरून येतो, टकटक लवकर. पाचगणीला तेराशे मीटरवर हवा विरळ, तिथे दोन-तीन अंश पुढे लावलेली गाडी सुखानं चालते आणि महाडच्या बाजूला खाली उतरली की कुरकुरते. मे महिन्यात जास्त वाजते, पावसाळ्यात गप्प असते, कारण दमट थंड हवेत मिश्रण आपणहून पेटायला तयार नसतं. पहिल्या पावसात गाडी मऊ चालते असं ड्रायव्हर म्हणतात, ते सगळेजण भावनेवर ढकलून देतात. त्यात शास्त्र आहे.

म्हणून पुस्तकातला आकडा मी प्रस्थान मानतो, मुक्काम नाही. तिथून निघायचं. ओळखीचा चढ, नेहमीचा पंप, इंजिन पुरतं तापलेलं, तिसरा गिअर, पाय खोल. टकटक आली नाही तर एखादा अंश पुढे; परत तोच चढ. नुकती वाजायला लागली की दोन अंश मागे घेऊन बोल्ट आवळायचा. हे दोन अंश कशासाठी, याला सोपं उत्तर आहे: वाईट पेट्रोल, मे महिना, मागच्या सीटवरचा चौथा पाहुणा. सगळ्यात जास्त ताकद देणारी जागा आणि रोज वापरायची जागा एक नसते. शर्यतवाले हे दोन अंश सोडत नाहीत, त्यांना इंजिन एका दिवसापुरतं हवं असतं.

नव्या गाड्यांना डिस्ट्रिब्युटर नाही, बोल्टही नाही. इंजिनच्या लोखंडाला एक नॉक सेन्सर चिकटवलेला असतो. 1980 च्या आसपास टर्बो गाड्यांतून हे आले. आत पीझोचा तुकडा, टकटकीचा ठरावीक सूर ऐकला की त्यातून करंट निघतो. कॉम्प्युटर ठिणगी पुढे पुढे नेत राहतो, टकटक ऐकू आली की झटकन मागे घेतो आणि मग पुन्हा हळूहळू पुढे सरकतो. हे तो चढ संपेपर्यंत करतो, प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळं. चाचांना मी एकदा हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, मग आमच्यासारखंच की. मग थोडं थांबून, ‘पण तो दुपारी जेवायला जात नसेल.’

सेन्सरचा कान चाचांपेक्षा चांगला आहे, यात मला शंका नाही. हायवेवर नव्वदच्या वेगाला वारा आणि टायरच्या आवाजात जी टकटक माणसाला ऐकूच येत नाही, तीही तो ऐकतो. पिस्टनला भोक पाडणारी टकटक बहुतेक वेळा तीच असते. घाटात ऐकून टायमिंग लावलं आणि निश्चिंत झालो, असं जुन्या गाडीत होऊ नये. घाटानंतर एकदा लांब हायवेवर जाऊन, इंजिन बंद करून, प्लग काढून बघावेत. पोर्सेलीनवर राखाडी-तपकिरी रंग असेल तर ठीक. त्यावर मिऱ्याच्या कणांसारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले, तर टकटक झालेली आहे, तुम्ही ऐकली नसली तरी.

तुमच्याकडे पॉइंटची गाडी असेल, फियाट असो, अ‍ॅम्बेसेडर असो किंवा अंगणात झाकून ठेवलेली जीप, तर एक विनंती. टायमिंगला हात लावण्याआधी पॉइंटचा गॅप बघा. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. पॉइंटची टाच झिजून गॅप कमी झाला की मागे पडतं. गॅप न बघता लावलेलं टायमिंग पुढच्या वेळी गॅप नीट केला की लगेच चुकतं, म्हणून क्रम कायम हाच: आधी गॅप, मग टायमिंग. फीलर गेजची पट्टी, आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा, बहुतेकांत 0.4 मिलिमीटरच्या आसपास. पट्टी घालताना थोडी अडावी, पण जोर लावावा लागू नये. पॉइंट काळे पडून खड्डे पडलेले असतील तर घासत बसू नका, नवे बसवा. टाचेला ग्रीसचं बोट लावा, जास्त नको, उडून पॉइंटवर बसतं. पुण्यात नाना पेठेत पद्मिनीचे पॉइंट अजून मिळतात. घेताना दुकानातच डबी उघडून टाच बघून घ्या.